तो जेवला नव्हता

श्रावणात पुण्यातल्या वैद्याला नाडी पाहावी लागत नाही, असं आम्ही वैद्य आपापसांत म्हणत असू. म्हणायचो थट्टेने, वागायचो मात्र खरोखर तसंच. सरकारातून वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेसाठी घाटावरून आणि घाटाखालून ब्राह्मणांचे थवे शहरात उतरत. सरदारांच्या वाड्यांतून पंगतींवर पंगती उठत. वर्षभर नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं यावर काढलेली पोटं एका दिवसात तुपात बुडत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसत. पोट धरून कुणी दारातून आत येताना दिसला की तो बसायच्या आत माझा हात हिंगाच्या डबीकडे गेलेला असे. हिंग, सुंठ, सैंधव, ऊन पाणी आणि दोन वेळा लंघन. संध्याकाळपर्यंत माणूस उठून चालायला लागे. लोक म्हणत, याला रोग चेहऱ्यावरून कळतो.

आणि बहुतेक वेळा माझं बरोबरच असायचं. घात तिथेच होता. अधूनमधून चुकलो असतो तर सावध तरी राहिलो असतो.

मी फार बोलणारा माणूस नाही. जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, तिने सगळं पाहिलं होतं. तिने ते कधी तोंडावर काढलं नाही, आणि मीही नाही. आता पन्नाशी गाठली आहे, हात थोडा कापतो, आणि हे माझ्याबरोबर गेलं तर ती आणखी एक लबाडी होईल असं वाटतं, म्हणून लिहितो.

आमचं घर सदाशिव पेठेत, हौदापासून थोडं आत. श्रावणात पेठेतली घरं आपापल्या ऐपतीप्रमाणे परगावचे ब्राह्मण ठेवून घेत. त्या वर्षी आमच्याकडे कोकणातले दोघे भाऊ आले होते. थोरला तिशीचा, भिक्षुकी करणारा, बेताचं बोलणारा. धाकटा विशीतला, नुकताच अध्ययन संपवून गुरुगृहाहून परतलेला, आणि त्याची ही पहिलीच दक्षिणा. वडील नव्हते, घरी आई एकटी. दोघांना मागची पडवी दिली. तिथे एका भिंतीशी जळणाची लाकडं रचलेली असत, दुसऱ्या भिंतीशी चटया गुंडाळून उभ्या केलेल्या. दोघे मधल्या जागेत चटया टाकून जमिनीवर निजत. धाकटा पहाटे मंत्र म्हणायला बसला की बायको सडा घालता घालता थांबे. त्याचा आवाज खणखणीत नव्हता, पण स्वर कुठे हलत नसे. तिला तो आवडायचा. पानावर बसला की मान खाली घालून जेवायचा आणि दुसऱ्यांदा वाढायला गेलं की पानावर आडवा हात धरायचा. हे तिने मला पुढे सांगितलं. त्या वेळी माझं तिकडे लक्ष नव्हतं.

दक्षिणेच्या दिवशी दोघे पहाटेच पर्वतीच्या पायथ्याशी गेले. तिथली रीत अशी की सगळ्यांना आवारात आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, आणि मग एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्याला बाहेर सोडायचं. एकदा आत गेलेल्या माणसाला बाहेर येईपर्यंत ना अन्न ना पाणी. हे पुण्यात कुणाला ठाऊक नाही? मलाही होतं. ते दोघे भिजून, चिखलाने माखून दिवेलागणीनंतर परतले. मी त्या वेळी एका सरदारांच्या वाड्यात होतो. त्यांच्या मातोश्रींना बरं वाटत नव्हतं म्हणून बोलावणं आलं होतं, आणि मग पंगतीला बसवून घेतलं. मी पोटभर जेवलो. पोटभर म्हणजे काय ते जेवणाऱ्याला कळतं. सकाळी उठलो तेव्हा माझंच पोट जड होतं आणि करपट ढेकर येत होते.

त्या सकाळी ओसरी भरलेली होती. सगळे पोटाचेच. त्या रांगेत धाकटाही येऊन बसला. पहाटे पोटात कळ आली म्हणाला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणाला. मी त्याला विचारलं, कुठल्या पंगतीचा प्रसाद?

"मी काल जेवलोच नाही, वैद्यराज. रात्री वहिनींनी दहीपोहे दिले, तेवढेच."

"सगळे असंच सांगतात. अरे, अन्न परक्याचं असलं तरी पोट आपलंच असतं."

ओसरी हसली. पोट धरून बसलेलेही हसले. मला अशी उत्तरं सुचतात, आणि ती चारचौघांत सुचली की बरं वाटतं. थोरला भाऊ दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडलं होतं, ते मी पाहिलं. पण ज्याच्या घरी आपण उतरलो, ज्याचं अन्न खातो, त्या यजमानाला चार लोकांत खोटं कसं पाडायचं? त्याने तोंड मिटलं.

धाकटा माझ्याकडे हनुवटी वर करून, मान मागे टाकून पाहत होता. मला ती मिजास वाटली. चोरून खाल्लं आणि वर तोरा, असं मनात आलं. मी चूर्णाची पुडी दिली, लंघन सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. नाडीवर बोटं ठेवली होती की नाही, ते खरंच आठवत नाही. ठेवली असली तर ती नुसती ठेवली होती.

ओसरी थोडी मोकळी झाल्यावर बायको माजघराच्या दारात आली. दहीपोह्यांचं तिने सांगितलं. वाडगाभर तेवढे खाल्ले, ते मी स्वतः वाढले, म्हणाली. मी म्हटलं, घरी येण्याआधी कुठे हाणून आला असेल, तुला काय दिसतंय? मग ती म्हणाली,

"इकडून एकदा मागे येऊन पाहावं. त्याला डोळे उघडवत नाहीयेत. ती झोप नाही."

"पहाटेपासून पोट दुखतंय, झोपला असेल. झोपू दे."

"झोपलेला माणूस हाक मारल्यावर कपाळाला आठ्या घालून डोळे उघडायला धडपडतो होय?"

"मग नाडी तू बघ. मी पोळ्या लाटतो."

ती आत गेली. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं असेन. माझ्याच आवाजात.

तरी मागे गेलो. एवढं मी केलं, पण ते सांगून फायदा नाही, कारण पाहायला गेलोच नव्हतो, दाखवायला गेलो होतो. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. अजीर्णाची सुस्ती. बोलायला गेला तर शब्द नाकातून येत होते, जिभेला जडपणा. पोटातला आम, म्हणजे न पचलेलं अन्न, वर चढला की जीभ जड होते. तोंडातून लाळ गळत होती. ओकारीच्या आधी लाळ सुटतेच. हात उचलून पाहा म्हटलं तर हात थोडासा उठून पडला. लंघनाने अंग गळतं. जे जे समोर येत होतं ते ते मी त्याच एका खुंटीला टांगत होतो, आणि खुंटी काही केल्या पडत नव्हती. तो काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. बहुधा तेच, की मी जेवलो नव्हतो.

दुपारी काढा केला. थोरल्याने त्याला टेकून धरलं आणि मी पळीने त्याच्या तोंडात ओतला. काढा नाकातून बाहेर आला. तो खोकला, पण खोकल्यात जोर नव्हता, छातीत नुसतं घरघरलं. मी म्हटलं, बरं झालं, ओकारी येतेय, पोट मोकळं होईल. आणि आणखी एक पळी ओतली. मग आणखी एक.

हे लिहिताना थांबावं लागलं.

घसा गिळत नव्हता. जो घसा गिळत नाही त्यात ओतलेलं कुठे जातं, हे वैद्याने दुसऱ्याकडून शिकायचं नसतं. ते मला ठाऊक होतं. पण मी त्या माणसाचा घसा पाहतच नव्हतो, मी माझं अजीर्ण पाहत होतो.

दिवे लागायच्या आधी त्याचा श्वास थांबला. बराच वेळ मी छातीला कान लावून बसलो, नाकाशी कापूस धरला. त्याबद्दल मला शंका नाही, तो गेला होता. थोरला काही विचारत नव्हता, पण उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, अलसक. खाल्लेलं वरही येत नाही, खालीही जात नाही, आत अडकून बसतं आणि माणसाला घेऊन जातं, असा एक रोग आम्ही शिकतो. नाव तयार होतं. मरणसुद्धा त्या खुंटीला टांगता आलं.

घरात प्रेत असताना शेजारीपाजारी आले, त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. नदीवर जाईपर्यंत ते नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. राहिलं एवढंच की खाऊन मेला. खांदा देणाऱ्यांत दोघेतिघे हळू आवाजात तेच बोलत होते. एकाने विचारलं, लाडू किती होते कुणास ठाऊक. थोरला मडकं धरून पुढे चालत होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते याहून वाईट आहे.

प्रेताला आंघोळ घालताना मी हात लावला होता. डाव्या कोपराच्या वर दोन बारीक ठिपके होते. जवळजवळ, कोरडे. सूज नाही, रक्त नाही, काळंनिळं नाही. श्रावणात पुण्यात कुणाच्या अंगावर डासांच्या खुणा नसतात? मी तेच म्हटलं, मनातल्या मनात. पण मनातल्या मनात कुणाला सांगत होतो? त्याअर्थी दुसरं काहीतरी तिथे येऊन उभं राहिलं होतं. सर्प हा शब्द आला होता. मी त्याला बसायला जागा दिली नाही.

का, तेही सांगतो. सर्पदंश म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. शेतातला माणूस, पायाला दंश, मांडीपर्यंत सूज, आरडाओरडा, घट्ट बांधलेली दोरी, मागे धावणारा गाव. अंथरुणात निजलेला, न किंचाळता सकाळी पोट धरून उठणारा माणूस त्या चित्रात नव्हता. मण्यारीचा दंश दुखत नाही, झोपलेल्याला कळतही नाही, पापण्या पडतात, गळा बंद होतो, हे मी गुरूंकडे पाठ केलेलं होतं. विचारलं असतं तर म्हणून दाखवलं असतं. कुणी विचारलं नाही.

पण हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं असं की तो सर्प असेल तर सकाळचं ओसरीवरचं हसणं काय होतं? आणि काढ्याच्या त्या पळ्या काय होत्या? मी ठिपक्यांवर पाणी ओतलं आणि वस्त्र ओढून घेतलं.

थोरल्याला सुतक. दहावं होईपर्यंत त्याने नदीवर क्रिया करायची आणि घरात वेगळं राहायचं, जमिनीवर निजायचं, कुणी त्याला शिवायचं नाही. वेगळी जागा म्हणजे तीच पडवी. बायको म्हणाली, त्याला ओसरीवर निजू दे, तिथे एकटं वाटणार नाही. मी म्हटलं, ओसरीवर रोगी येतात, सुतक्याला तिथे कसं ठेवायचं? शास्त्राला धरूनच होतं ते. चटई जुनी झाली म्हणून तिने दुसरी दिली. ती भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्यांतलीच एक होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मी सोवळ्यात होतो, देवपूजेला बसायचं होतं. पडवीच्या उंबऱ्याशी थोरला येऊन भिंतीला टेकला. पोटात कळ येतेय म्हणाला. मी लांबूनच विचारलं, कारण शिवलो असतो तर पुन्हा स्नान. झोप झाली होती का? नाही. काल काय खाल्लं? एकदा भात, तोही नीट नाही. मी म्हटलं, दुःखाने आणि उपाशी पोटाने वायू होतो, थोडं ऊन पाणी घ्या. बघा, नाव पुन्हा तयार होतं. फक्त या वेळी थट्टेऐवजी दयेने दिलं.

मी वळलो, आणि तो म्हणाला, वैद्यराज. शब्द नाकातून आला. मी मागे पाहिलं. तो हनुवटी वर करून, मान मागे टाकून माझ्याकडे पाहत होता. कपाळाला आठ्या होत्या. पापण्या खाली आल्या होत्या आणि खाली उरलेल्या फटीतून माझं तोंड दिसावं म्हणून त्याने डोकं मागे झुकवलं होतं.

तशीच हनुवटी मी आधी पाहिली होती. तिला मी मिजास म्हटलं होतं.

पूजेचं पाणी हातातून खाली ठेवलं की पडलं, आठवत नाही. मी जाऊन त्याला धरलं. बायको धावत आली. मी तिला एवढंच म्हटलं, मण्यार आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आजची गोष्ट नव्हती, चार दिवसांपूर्वीची होती. मग ती कामाला लागली.

औषध म्हणाल तर माझ्याजवळ खात्रीचं काही नव्हतं. कुणाजवळच नसतं. लेप केला, दंश शोधला. तो मांडीच्या मागे होता, तसाच कोरडा, तसाच क्षुल्लक. मी केलं ते इतकंच की जे आधी केलं होतं ते केलं नाही. तोंडात थेंबही घालू दिला नाही. एका कुशीवर निजवलं, मानेखाली घडी दिली, लाळ बाहेर येऊ दिली, कापडाने घसा टिपत राहिलो. जीभ मागे पडू लागली की जबडा पुढे धरून बसायचं. मी थकलो की बायको बसायची. सोवळं, सुतक, सगळं बाजूला पडलं. शेजारचे आले, दारातून पाहून गेले. एकजण म्हणाला, हाही चालला वाटतं, एकाच घरातून दोन. त्याने आवाज खाली करायचीही तसदी घेतली नाही, कारण समोरचा हलत नव्हता, डोळे बंद होते, श्वास इतका उथळ की पाहणाऱ्याला दिसू नये.

पडवी रिकामी केली तेव्हा गुंडाळलेल्या चटयांच्या मागून ती निघाली. काळी, चकाकणारी, अंगावर पांढरी बारीक कडी, दिवसा जागेवरून हलायलाही नाखूष. नागपंचमी नुकतीच झालेली, त्यामुळे कुणी मारायला धजेना. दोघांनी काठीने हंड्यात लोटली आणि नदीपलीकडे नेऊन सोडली. लोक म्हणाले, बघा, तेव्हा धाकटाही यानेच गेला असेल. मी म्हटलं, असेल. असेल, एवढंच.

थोरला वाचला. माझ्यामुळे की दंशच हलका होता म्हणून, मला सांगता येणार नाही. दोन रात्री उलटल्यावर आधी एक पापणी वर आली, मग बोटं, मग गिळता येऊ लागलं. धाकट्याचा दंश मी ओळखला असता तर तोही वाचला असता का? हा प्रश्न मला लोकांनी कधी विचारला नाही, मी रोज विचारतो. नसता वाचला कदाचित. पण मग थोरला त्या जमिनीवर निजला नसता. आणि धाकट्याच्या छातीत माझा काढा गेला नसता. यात कदाचित नाही.

आवाज परतल्यावर एका दुपारी थोरला भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला पेज देत होतो, थोडी थोडी. तो म्हणाला,

"मला ऐकू सगळं येत होतं."

मी पळी थांबवली.

"हलता येत नव्हतं. डोळे उघडत नव्हते. पण ऐकू येत होतं. आपण वहिनींना म्हणालात, तोंडात काही घालू नका, ते ऐकलं. ते शेजारचे म्हणाले हाही चालला, तेही ऐकलं. मनात म्हटलं, अहो, मी इथेच आहे." तो किंचित हसला. मग हसू गेलं. "म्हणजे त्यालाही येत असणार."

मी पळी खाली ठेवली.

"तो जेवला नव्हता, वैद्यराज. मी त्याच्याबरोबरच होतो. आवारातून सुटलो ते सरळ इथे आलो. मी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं." तो भांड्यातल्या पेजेकडे पाहत होता. "आईला काय सांगू?"

मी म्हटलं, सर्प म्हणा. खरंच आहे ते.

"आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काय झालं, ते?"

त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. तेरावं आटोपल्यावर तो गावी गेला. निघताना नमस्कार करायला वाकला, आणि मी तो करू दिला.

पुढच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, तो आईला घेऊन आला. म्हातारीने घाट चढून, वाटेत मुक्काम करत, एवढं अंतर कापलं होतं. माझ्या ओसरीवर ती भिंतीला धरून बसली. लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, हात कामाने वाकडे झालेले. गावात लोक म्हणतात पुण्याला जाऊन खाऊन मेला, असं तिने सांगितलं. थोरला म्हणतो सर्प. पण थोरला मला वाईट वाटू नये म्हणून काहीही सांगेल. तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडून ऐकावं, म्हणून आले.

मी सांगितलं, सर्पच. मण्यार. जेवणाचा काही संबंध नव्हता. तो जेवलाच नव्हता.

तिने मान डोलावली, एकदा, दोनदा. मला वाटलं, झालं. मग तिने विचारलं,

"आपल्याला कधी कळलं?"

थोरला दाराशी उभा होता, त्याच जागी. माजघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"लगेच," मी म्हणालो. "सकाळीच. सगळे उपाय केले. त्याचं आयुष्यच तेवढं."

"त्याला त्रास झाला का फार?"

"नाही. गुंगीत होता. त्याला काही कळत नव्हतं."

ती उठली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मी मागे सरलो, पण तिने पाय धरलेच. म्हणाली, एक नेला देवाने, पण दुसरा आपण परत दिलात, आपल्या मुलाबाळांचं कल्याण होवो. तिचे हात थंड होते. मी तिला उठवलं. मला वाटतं मी असंही म्हणालो, की मी काय, निमित्तमात्र.

थोरल्याने मध्ये एक शब्द काढला नाही. ओसरीवर चारचौघांत यजमानाला खोटं न पाडायची त्याची सवय अजून तीच होती. आई पायरी उतरून पुढे गेली तेव्हा तो मागे थांबला. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं.

"आई आता सुखाने मरेल," तो म्हणाला. "आपलं काय ते आपण बघा."

तो उतरून आईजवळ गेला, तिचा हात धरला. दोघे हौदाच्या दिशेने निघाले. मी दारात उभा राहून पाहत होतो. मागे माझी बायको येऊन उभी राहिली, मग आत गेली. म्हातारी वाटेत दोनदा थांबली, दम घेतला, पुन्हा चालू लागली. ती फार हळू चालत होती. त्यांना गाठणं अवघड नव्हतं.